कोरियाच्या चुसॉकला परदेशी पाहुण्यांसाठी खास कार्यक्रम असतात, मग नागपूरच्या पोळ्याला परदेशी का दिसत नाहीत?

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास मोबाईलवर एक ठरावीक प्रकारचे रील्स यायला लागतात. सोलमधला जुना राजवाडा, रंगीत हानबोक घातलेली परदेशी पोरं, तांदळाच्या पिठाचे अर्धचंद्रासारखे मोदक वळायचा त्यांचा फसलेला प्रयत्न आणि मागे कुणीतरी कोरियन आजी हसतेय. खाली हॅशटॅग असतो चुसॉक.

हे रील बर्डीच्या मेट्रो स्टेशनवर गाडीची वाट बघत उभं राहून बघणारी पोरंपोरी नागपुरात काही कमी नाहीत. के-ड्रामामुळे चुसॉक म्हणजे काय हे त्यांना बऱ्यापैकी ठाऊक असतं. गंमत अशी की त्याच पोरांना बोजारा म्हणजे काय असं विचारलं, तर निम्मी गडबडतात.

तर विषय असा आहे. कोरियाने आपला सुगीचा सण परदेशी माणसाला कसा दाखवायचा हे ठरवून घेतलंय. नागपूरकडे पोळा, तान्हा पोळा आणि मारबत असा सलग दोन दिवसांचा ऐवज आहे, जो जगात दुसरीकडे बघायला मिळणार नाही. तरी एखादा छायाचित्रकार, एखादा अभ्यासक सोडला तर त्या गर्दीत परदेशी चेहरा फारसा दिसत नाही. असं का?

आधी चुसॉक काय आहे ते बघू.

चुसॉक हा कोरियाच्या चांद्र पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी येतो, म्हणजे पौर्णिमेला. नवीन तांदूळ हाती आलेला असतो, फळं पिकलेली असतात. सकाळी घरातले सगळे जमून पूर्वजांपुढे नव्या धान्याचं ताट मांडतात, वाकून नमस्कार करतात आणि मग तेच जेवण सगळे मिळून जेवतात. त्याआधीच्या आठवड्यांमध्ये पुरुष मंडळी डोंगरावरच्या घराण्याच्या थडग्यांवर जाऊन वाढलेलं गवत कापून येतात. सणाला थडग्यांचं दर्शन घ्यायलाही जातात.

पक्वान्न म्हणजे सोंगप्योन. तांदळाच्या पिठाची पारी, आत तीळ, चेस्टनट किंवा कडधान्याचं सारण आणि पाइनच्या पानांच्या थरावर ठेवून वाफवणं. आपल्या भाषेत सांगायचं तर उकडीची करंजी. जिची सोंगप्योन सुबक होते तिला देखणी मुलगी होते, असंही तिकडे म्हणतात. भेट काय देतात, तर फळांच्या पेट्या, मांस आणि चक्क डबाबंद स्पॅमचे गिफ्ट सेट. युद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यासोबत आलेला हा डबा आज पारंपरिक सणाची भेट झालाय, यावरून परंपरा कशी बनते याचा अंदाज यावा.

आता यातली खरी मजा पंचांगात आहे.

पौर्णिमा, पितर आणि नवीन धान्य, हे ऐकून मराठी घरातल्या कुणालाही भाद्रपद आठवेल. बरोबरच आहे. २०२३ मध्ये चुसॉक २९ सप्टेंबरला होता, त्याच दिवशी आपल्याकडे भाद्रपद पौर्णिमा होती. म्हणजे तिकडे पूर्वजांना ताट मांडलं जात होतं आणि इकडे दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष धरला जात होता. २०२४ मध्ये चुसॉक आणि अनंत चतुर्दशी दोन्ही १७ सप्टेंबरला आले. इकडे विसर्जन, तिकडे गावी जाण्यासाठी हायवेवर गाड्यांची रांग.

पण २०२५ मध्ये गडबड झाली. चुसॉक आला थेट ६ ऑक्टोबरला, आणि त्या दिवशी आपल्याकडे कोजागिरी होती. भाद्रपद पौर्णिमा तर ७ सप्टेंबरलाच होऊन गेलेली. एक महिन्याचा फरक कुठून आला? तर अधिक महिन्यातून. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असतं, म्हणून दोन्ही पंचांगं अधूनमधून एक जास्तीचा महिना घालतात. पण तो कधी घालायचा याचे नियम वेगळे आहेत. कोरियाने २०२५ च्या उन्हाळ्यात सहावा महिना दोनदा धरला. आपला अधिक महिना मात्र २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ म्हणून आला. त्यामुळे या वर्षी गाडी पुन्हा रुळावर आली असून चुसॉक २५ सप्टेंबरला आहे, आणि अनंत चतुर्दशीही २५ सप्टेंबरलाच.

म्हणजे आकाशातला चंद्र एकच, पण दोन शेतकरी समाजांनी त्याच्याभोवती आपापला हिशोब मांडलेला.

या हिशोबात पोळा मात्र नेमका उलट्या टोकाला येतो. चुसॉक पौर्णिमेचा तर पोळा अमावास्येचा, श्रावण संपतो त्या पिठोरी अमावास्येचा. आणि इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण इंग्रजी वेबसाइटवर पोळ्याला सर्रास हार्वेस्ट फेस्टिव्हल लिहिलेलं असतं. पोळा हा सुगीचा सण नाही. विदर्भात पोळ्याला कापूस, सोयाबीन, तूर शेतात उभं असतं. हातात काहीही आलेलं नसतं. नांगरट, पेरणी, डवरणी अशी बैलाची मोठी कामं उरकलेली असतात म्हणून त्याला सुट्टी आणि मान. चुसॉक हा मिळालेल्या धान्याचा आनंद आहे. पोळ्याला शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज असतं आणि पीक येईल की नाही हे ठाऊक नसतं, तरी तो बैलाला पुरणपोळी चारतो.

हा फरक परदेशी माणसाला कुणी समजावून सांगितला नाही, तर त्याला फक्त रंगवलेली शिंगं दिसतील.

विदर्भातला पोळा आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. बैलाला आंघोळ घालून त्याचा खांदा तूप-हळदीने शेकतात, कारण वर्षभर जू तिथेच बसलेलं असतं. त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं रीतसर आवतण दिलं जातं. अमावास्येला शिंगांना रंग, बेगड, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळा. गावाच्या वेशीजवळ आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली जोड्या उभ्या राहतात. मग झडत्या सुरू होतात. झडत्या म्हणजे खड्या आवाजात म्हटलेली जोडलेली पदं, ज्यात देवाचं नाव असतं, शेजाऱ्याची टिंगल असते आणि सरकारलाही चिमटा असतो. तोरण तुटलं की पोळा फुटला. बैल घरोघरी जातात, ओवाळले जातात, आणि गड्याला जो पैसा मिळतो तो बोजारा.

आता नागपूर शहरात बैल कुठून आणायचा?

या प्रश्नाचं उत्तर नागपूरने दोनशे वर्षांपूर्वीच काढलं. दुसरे रघुजीराजे भोसले यांच्या काळात, साल १८०६ असं सांगितलं जातं, लहान मुलांसाठी लाकडी बैलांचा पोळा सुरू झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, पोरं चाकं लावलेला लाकडी नंदी सजवून ओढत नेतात, घरोघरी जाऊन बोजारा मागतात. हाच तान्हा पोळा. भोसल्यांच्या वाड्यातला मोठा लाकडी बैल आजही त्यासाठी बाहेर निघतो. आता त्यात वेशभूषा स्पर्धा आल्या, सोसायटीच्या पार्किंगमध्ये बक्षीस समारंभ आले, पण मूळ कल्पना तीच आहे. ज्याला बैल हाताळता येत नाही त्याला बैलाची ओळख करून द्यायची.

नीट बघितलं तर ही कल्पना सोलच्या राजवाड्यातल्या सोंगप्योन वर्गापेक्षा फार वेगळी नाही. ज्याच्या घरात ही गोष्ट घडत नाही, त्याच्या हातात तिची छोटी प्रतिकृती द्यायची. फरक एवढाच, की कोरियाने ती परदेशी माणसाच्या हातात दिली आणि नागपूरने आपल्याच पोरांच्या.

तोच सण, दोन वेगळे परदेशी

कोरियातला परदेशी माणूस म्हटलं की डोळ्यासमोर पर्यटक येतो. त्याच्यासाठी सोय भरपूर आहे. चुसॉकच्या सुट्टीत सोलचे राजवाडे सगळ्यांना मोफत खुले असतात, हानबोक घातला तर एरवीही तिकीट लागत नाही. नामसानगोलच्या जुन्या घरांच्या वस्तीत आणि योंगिनच्या लोकग्रामात खेळ, खाणं, कुस्ती बघायला मिळते. गांगगांगसुलै हे बायकांचं चांदण्यातलं फेर धरून नाचणं २००९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं. सिरुम ही कुस्ती २०१८ मध्ये गेली, तीही उत्तर आणि दक्षिण कोरिया दोघांच्या नावाने एकत्र. डिसेंबर २०२३ मध्ये तर चुसॉकसह पाच पारंपरिक सणांनाच राष्ट्रीय अमूर्त वारसा ठरवण्यात आलं.

पण कोरियात राहणाऱ्या परदेशी लोकांची संख्या आता २५ लाखांच्या वर आहे, म्हणजे दर वीस माणसांमागे साधारण एक. यातले बरेच जण कारखान्यात, शेतात, जहाजबांधणीत काम करायला आलेत. व्हिएतनाम, नेपाळ, कंबोडिया अशा देशांतून. त्यांच्यासाठी चुसॉक म्हणजे कारखाना बंद, खानावळ बंद आणि शहर रिकामं. २०२५ मध्ये सुट्ट्या अशा जुळल्या की ३ ते ९ ऑक्टोबर असे सलग सात दिवस देश सुट्टीवर होता. कोरियन माणूस गावी गेला. नेपाळी माणूस कुठे जाणार? आनसानसारख्या शहरातल्या आपल्या देशाच्या हॉटेलात, जिथे निदान ओळखीचा मसाला मिळतो.

आणि तिसरा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा. लग्न करून आलेल्या परदेशी सुना, ज्यात व्हिएतनामी आणि चिनी बायकांची संख्या मोठी आहे. २००८ मध्ये त्यांच्या कुटुंबांसाठी वेगळा कायदा झाला, जिल्ह्याजिल्ह्यांत मदत केंद्रं निघाली आणि त्या केंद्रांत सोंगप्योन वळायला, पूर्वजांचं ताट मांडायला शिकवलं जातं. फोटो अगदी पर्यटकांच्या फोटोसारखाच येतो. पण पर्यटकाची सोंगप्योन फाटली तर सगळे हसतात. सुनेची फाटली तर सासू बघते.

हे ताट मांडणं किती जड आहे हे कोरियन बायका कित्येक वर्षं सांगतायत. सण झाल्यावर होणारी अंगदुखी, चिडचिड, भांडणं याला तिकडे सणाचा आजार असा शब्दच आहे. शेवटी २०२२ मध्ये कन्फ्युशियन परंपरेचं मुख्य पीठ असलेल्या सोंगग्युनग्वानने जाहीर केलं की तळणीचे पदार्थ मांडायची काही गरज नाही, मोजक्या नऊ पदार्थांत ताट पूर्ण होतं. ज्या संस्थेच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या बायका तेलासमोर उभ्या राहिल्या, तिनेच असं सांगावं हे तिथे बातमीचं झालं. आपल्याकडे पोळ्याच्या पुरणाबद्दल असं पत्रक कुठल्या पीठाने काढल्याचं ऐकिवात नाही.

म्हणजे परदेशी माणसाने सण अनुभवला असं आपण म्हणतो तेव्हा कोणता परदेशी, हे विचारावं लागतं. पाहुणा म्हणून गेलेला, मजूर म्हणून मागे राहिलेला की सून म्हणून चुलीशी उभी केलेली?

नागपूरच्या बाबतीत याचं उत्तर अजून वेगळं आहे. इथे परदेशी माणूस आला तो राज्य करायला.

ब्रिटिश रेसिडेन्सी होती सीताबर्डीच्या टेकडीपाशी. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि रेसिडेंट रिचर्ड जेनकिन्सच्या हाताखालची फौज याच टेकडीवर लढली आणि भोसले हरले. त्यानंतर गादीवर बसवलेला तिसरा रघुजी अल्पवयीन, म्हणून पुढची आठ-नऊ वर्षं कारभार प्रत्यक्षात जेनकिन्सनेच केला. त्याने नागपूर राज्यावर लिहिलेला मोठा अहवाल १८२७ मध्ये छापला गेला. जमीन, पिकं, महसूल, जाती सगळं त्यात आहे. बर्डीवर राहणाऱ्या परदेशी माणसाला इथल्या बैलाची आणि पिकाची माहिती हवी होती, पण ती सारा वसूल करण्यासाठी. १८५४ मध्ये राज्यच खालसा झालं.

आणि नागपूरने या परदेशी माणसाला आपल्या सणात घेतलं. कसं, तर मारबतीतून.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत काढायची पद्धत विदर्भातल्या गावागावांत आहे. खोकला, रोगराई, माश्या-डास, इडापिडा सगळं घेऊन जा गे मारबत, असं ओरडत गावाबाहेर घालवायचं. नागपुरात तिचं रूप मोठं झालं. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी मारबत १८८५ पासून, तीही तऱ्हाने तेली समाजाकडून. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेली भोसल्यांची राणी बांकाबाई, असं सांगितलं जातं. ती १८८१ च्या कितीतरी आधी वारली होती, आणि काळी मारबत म्हणजे पूतना असंही सांगणारे लोक आहेत. पण शहराने बांकाबाईची गोष्ट धरून ठेवली. नागपूरकरांचा राग लांब टिकतो.

दोन्ही मारबती नेहरू पुतळ्याजवळ एकमेकींना भेटतात, तेव्हा इतवारी-महाल भागात पाय ठेवायला जागा नसते. त्यांच्यासोबत निघतात बडगे. बडग्या म्हणजे त्या त्या वर्षी ज्याच्यावर राग आहे त्याचा पुतळा. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, कुठलाही नेता. कुणालाच सूट नाही.

२३ ऑगस्ट २०२५ च्या मिरवणुकीत बडग्या होता डोनाल्ड ट्रम्प यांचा. भारतीय मालावर अमेरिकेने जाहीर केलेल्या ५० टक्के आयातशुल्काचा राग होता तो. म्हणजे बर्डीवरचा रेसिडेंट गेला, तरी मारबतीत परदेशी माणसाची जागा कायम राहिली.

पण त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली होती, जी एवढी गाजली नाही. १९ ऑगस्टपासून केंद्र सरकारने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. पोळा होता २२ तारखेला. म्हणजे विदर्भातला शेतकरी बैलाची शिंगं रंगवण्याच्या तयारीत होता, कापूस अजून बोंडात होता आणि बाहेरचा कापूस स्वस्तात यायची वाट मोकळी झाली होती. कापड गिरण्यांची बाजू अशी होती की अमेरिकी शुल्कामुळे आपण मार खातोय, निदान कच्चा माल तरी स्वस्त मिळू द्या. शेतकरी संघटनांचा सवाल होता की वेचणीच्या तोंडावरच का?

गावच्या पोळ्यात बैलांच्या पाठीवर कापसाला भाव द्या, कर्जमाफी करा असं रंगाने लिहिलेलं दिसतं, ते यामुळे. परदेशी माणसाने तो फोटो काढला तर त्याला ती नक्षी वाटेल.

मग ही सगळी गोष्ट बघायला तो येत का नाही?

एक कारण अगदी साधं आहे आणि त्याचा संस्कृतीशी काही संबंध नाही. नागपूर विमानतळावर उतरणारा परदेशी पर्यटक मुख्यतः वाघ बघायला येतो. पेंच आणि ताडोबाचे गाभा क्षेत्राचे दरवाजे पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतात. पोळा येतो ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे शहर सगळ्यात जास्त बघण्यासारखं असतं तेव्हा पाहुणा यायचं कारणच बंद असतं. ऑक्टोबरात तो येतो तोवर मारबत जळून गेलेली असते.

परदेशी माणूस नागपूरला गर्दीत बघायचा असेल तर दीक्षाभूमीवर बघावा. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ होणाऱ्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला परदेशातले बौद्ध भिक्खू आणि उपासक येतात. बर्डीपासून दीक्षाभूमी काही फार लांब नाही. भदंत सुरई ससाई तर मूळचे जपानचे, १९६० च्या दशकात आले, नागपूरचेच झाले आणि पुढे भारतीय नागरिक झाले. तेव्हा नागपूरला परदेशी माणूस सामावून घेता येत नाही असं कुणी म्हणू नये. पण तिथे येणारा माणूस काही दाखवलं जाईल म्हणून येत नाही, त्याचा स्वतःचा त्या जागेशी संबंध असतो.

दुसरं कारण जास्त अवघड आहे. मारबत ही पाहुण्यांसाठी सुटसुटीत करण्यासारखी गोष्ट नाही. ढोल-ताशे, धक्काबुक्की, शिव्या, जिवंत नेत्यांचे पुतळे. पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकात हे कसं लिहिणार? ज्या मंत्र्याने उद्घाटन करायचं त्याचाच बडग्या पुढच्या चौकात उभा असू शकतो. राजवाड्याच्या अंगणात सोंगप्योन वळणं सुरक्षित आहे, त्यात कुणाचाही अपमान होत नाही. मारबतीतून अपमान काढला तर खाली फक्त बांबू आणि कागद उरतो. त्यामुळे पर्यटनासाठी मारबतीचा महोत्सव करा अशी कल्पना कुणी मांडलीच, तर आधी विचारावं की बडगे कोण ठरवणार. समितीने ठरवलेला बडग्या बघायला नागपूरकरच जाणार नाहीत, परदेशी माणूस तर सोडाच.

खेड्यातल्या पोळ्याचं मात्र उलट आहे. तिथे लपवण्यासारखं काही नाही आणि पाहुण्याचं स्वागतच होईल. अडचण अशी की बैलच कमी होतायत. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनेच्या मधल्या काळात देशातल्या नर गोवंशाची संख्या साधारण ३० टक्क्यांनी घटली. ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, चारा महाग आहे, गडी मिळत नाही. त्यात २०१५ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात म्हातारा बैल विकणंही अवघड झालं, म्हणून नवीन जोडी घेताना शेतकरी दहादा विचार करतो. अनेक गावांत तोरणाखाली आता ट्रॅक्टर उभे राहतात, त्यांनाही ओवाळलं जातं. लोक त्याची थट्टा करतात, पण जे वर्षभर राबलं त्याला ओवाळायचं हाच नियम असेल तर त्यात चूक काय?

कोरियाही याच वाटेने गेलाय. शेतीवर जगणारी माणसं तिथे आता फार थोडी उरलीत, थडग्यावरचं गवत कापायलाही पैसे देऊन माणसं लावतात आणि सुट्टीत लाखो कोरियन लोक गावाऐवजी परदेशात फिरायला जातात. परदेशी पाहुण्यांसाठी सोंगप्योनचे वर्ग वाढले तेही याच काळात. घरातून एखादी गोष्ट निघून जायला लागली की ती संग्रहालयाच्या अंगणात मांडावी लागते. नागपुरातल्या सोसायटीतला सात वर्षांचा मुलगा, ज्याने खरा बैल फक्त सिग्नलवर नंदीबैलवाल्याकडे बघितलाय, तो या बाबतीत सोलमध्ये हानबोक घालून उभ्या असलेल्या पर्यटकाच्या फार पुढे नाही. त्याच्या हातात निदान लाकडी बैलाची दोरी आहे, आणि शेजारच्या काकूंकडे बोजारा मागायचा हक्क आहे.

या वर्षी अधिक महिन्यामुळे पोळा पुढे सरकलाय, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. त्यानंतर दोन आठवड्यांनी २५ सप्टेंबरला चुसॉक, आणि १ ऑक्टोबरला ताडोबाचे दरवाजे उघडतील. परदेशी पाहुणा आणि मारबत यांच्यात या वेळी जेमतेम तीन आठवड्यांचं अंतर आहे. बडग्या कुणाचा असेल हे अर्थातच आदल्या आठवड्यातल्या बातम्यांवर ठरेल.